सतरा नंबरचा बहावा

व्हर्नियर कॅलिपर पोळपाटाखाली सापडला, तेव्हा रविवारचे सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि शांताराम देशकरांना पाच मिनिटं उशीर झाला होता. चौतीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढल्यामुळे पाच मिनिटांचा उशीर ते नुसता करत नसत, तो कोणाच्या खात्यात टाकायचा हेही लगेच ठरवत.

"सिंधू, हा इथे कसा?"

"पोळपाट डगमगत होता," सिंधूताई म्हणाल्या. "एक पाय आखूड आहे त्याचा."

"मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारं उपकरण आहे हे."

"म्हणूनच दोन दिवस पोळ्या गोल झाल्या."

शांतारामांनी कॅलिपरवरची कणीक रुमालाने पुसली, नोंदवही काखेत मारली आणि झाडं मोजायला बाहेर पडले. जाताना सिंकखाली त्यांची नजर गेली. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी साठवायचे दोन्ही कॅन पुन्हा जागेवर नव्हते. ते पाणी कुठे जातं, हे त्यांनी गेल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि "जातं तिकडे," असं उत्तर मिळालं होतं. उत्तर अपुरं होतं, पण घरातल्या बाबींना त्यांच्या नोंदवहीत रकाना नव्हता.

भोपाळच्या अशोका गार्डन या वस्तीत रेल्वेच्या भिंतीला लागून जमिनीची एक लांबट पट्टी आहे. तिथे पूर्वी लोक कचरा टाकत आणि ज्यांच्याकडे कचरा नसे ते नुसते थुंकत. गेल्या जुलैत छाया समितीने तिच्या अर्ध्या भागातला कचरा उचलला, खड्डे खणले आणि बहाव्याची चाळीस रोपं लावली. समिती म्हणजे मोहल्ल्यातली वीस-बावीस माणसं. बहुतेक मराठी, बहुतेक निवृत्त आणि बहुतेकांना डॉक्टरांनी वजन उचलू नका असं सांगितलेलं. ही माणसं रंगाच्या रिकाम्या डब्यांतून स्कूटरवर पाणी आणत. शालिनीताई कर्वे यांचे दोन्ही गुडघे बदललेले होते. त्या पाण्याच्या बाटल्या भाजीच्या ट्रॉलीतून ओढत आणत आणि कोणी मदतीला आलं की, "तुमचे जुने गुडघे सांभाळा आधी," म्हणून त्याला परत पाठवत.

प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी होती. पाटीवर नंबर आणि पालकाचं नाव. पट्टीचा उरलेला अर्धा भाग चाळीस नंबरच्या पुढे, पाडलेल्या भिंतीच्या मलब्याच्या ढिगापलीकडे होता. तिकडे शांताराम कधी गेले नव्हते. नोंदवही चाळीसला संपत होती आणि नोंदवहीत नसलेली जमीन त्यांच्या लेखी भोपाळमध्ये नव्हती.

दर रविवारी ते प्रत्येक झाडाची तीन मापं घेत. उंची, खोडाची जाडी आणि पानांची स्थिती. फेब्रुवारीच्या सभेत त्यांनी मनोहरराव धोटेंना उभं केलं होतं. मनोहरराव नागपूरचे. सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि कचेरी सुटली तरी भोपाळ सुटलं नाही. त्यांचं सोळा नंबरचं झाड माना टाकत होतं.

"मी तं रोज पाणी टाकतो ना जी," मनोहरराव म्हणाले होते.

"झाड मरत नाही, मनोहरराव. माणूस दुर्लक्ष करतो."

हे वाक्य अध्यक्ष अरविंद पाठक यांना इतकं आवडलं, की त्यांनी ते पत्र्यावर रंगवून घेतलं आणि पट्टीच्या तोंडाशी लावलं. खाली 'शां. देशकर' असंही लिहिलं. चारच दिवसांत सोळा नंबरचं झाड एकदम टवटवीत झालं. शांतारामांनी पुढच्या सभेत मनोहररावांचं जाहीर कौतुक केलं. मनोहररावांनी ते खाली बघत स्वीकारलं. विनय असावा, असं सगळ्यांना वाटलं.

पोळपाटाच्या त्या रविवारी शांतारामांनी सतरा नंबरचं खोड मिलिमीटरमध्ये मोजलं. चौदा पूर्णांक दोन. सतरा नंबर त्यांचा स्वतःचा होता. जुलैत त्यांनी तो काठीला बांधायला सिंधूताईंकडे मऊ चिंधी मागितली होती आणि त्यांनी जुन्या लुगड्याचा जांभळा काठ फाडून दिला होता. त्या काठाच्या वर आता दोनच पानं होती, तीही पिवळी. बुधवारी एकही नव्हतं.

शांताराम झाडासमोर बराच वेळ उभे राहिले. सोळा नंबर हिरवागार होता. अठरा नंबर हिरवागार होता. त्यांच्यामध्ये, ज्याने ते वाक्य म्हटलं त्याच्या नावाची पाटी गळ्यात घालून, एक काटकी उभी होती. पानं शून्य. शून्य पानं म्हणजे बाद माल. बाद माल रांगेत ठेवायचा नसतो, हे त्यांनी चौतीस वर्षं इतरांना शिकवलं होतं.

दुपारी दोन वाजता त्यांनी स्कूटर काढली. मार्चअखेरच्या उन्हात भोपाळमध्ये दोन वाजता रस्त्यावर फक्त कुत्री आणि अपराधी असतात. मोहल्ल्यात रोपवाटिका होती, पण तिथे ओळख होती. म्हणून ते थेट जवाहर चौकापर्यंत गेले. तिथल्या एका आडबाजूच्या रोपवाटिकेत त्यांनी इकडेतिकडे बघत, बहाव्याचं हिंदी नाव घेऊन हळूच विचारलं, "अमलतास मिलेगा?"

रोपवाटिकेवाल्याने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "अशोका गार्डन से आए हो, अंकल?"

"क्यों?"

"कुछ नहीं. इस महीने अमलतास बहुत जा रहा है उधर."

शांतारामांनी याचा अर्थ, मोहल्ल्यात वृक्षप्रेम वाढतंय, असा घेतला आणि त्यांना बरं वाटलं. त्या अवस्थेतही बरं वाटलं, हे त्यांच्याबद्दल चांगलंच म्हणायला हवं. रोप पायाशी ठेवून, त्यावर छत्री उघडून ते परत आले. घामाघूम होत जुनं रोप मुळांसकट उपटलं, नवं लावलं, पाटी त्याच्या गळ्यात घातली आणि जुनं रोप मलब्याच्या ढिगापलीकडे न बघता भिरकावलं. ते जांभळ्या काठासकट गेलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. अपराधाचा सराव नसला की अशी टोकं राहतात.

खरी अडचण रविवारी आली. कॅलिपर सतरा नंबरला लावला, तो नऊ पूर्णांक सहा दाखवू लागला. मागल्या आठवड्यात चौदा पूर्णांक दोन. शांताराम रोप बदलू शकत होते, पण मापाच्या रकान्यात खोटा आकडा लिहिणं त्यांच्या हाताला जमत नव्हतं. हाताने नऊ पूर्णांक सहा लिहून टाकलं.

पुढच्या आठवड्यांत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. बारा नंबर अकरावरून आठावर आला होता. तेवीस नंबर बारीक झाला होता. शालिनीताईंचा तीस नंबर चक्क चार बोटं बुटका झाला होता. एरवी त्यांनी सभा बोलावली असती. पण दुसऱ्यावर संशय घ्यायला माणूस आधी स्वतः स्वच्छ लागतो. त्यांनी फक्त कॅलिपर दोनदा तपासून घेतला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'उन्हाळी आकुंचन'. लिहिल्यावर त्यांना ते थोडं पटलंही.

एप्रिल गेला, मे निम्मा सरला. पट्टी हिरवीगार होती. अरविंदरावांनी नोंदवहीचं शेवटचं पान फोटो काढून समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं. चाळीसपैकी चाळीस. ते कोणीतरी कुठेतरी पुढे पाठवलं आणि एका सकाळी अरविंदराव धापा टाकत देशकरांकडे आले.

"शांतारामजी, मलब्याकडच्या जागेचं ऐकलं का? तिथे पार्किंगचा शेड प्रस्तावित आहे."

"मग?"

"मग मी अर्ज केला, की ती जागाही आम्हाला द्या, आम्ही झाडं लावतो. त्यांनी कळवलंय, गेल्या वर्षीची नव्वद टक्के झाडं जगली असतील तर विचार करू. आणि आपली तर शंभर टक्के. उद्यानविभागाच्या सक्सेना मॅडम स्वतः येतायत गुरुवारी. अकरा वाजता. तुमची नोंदवही बघायची म्हणाल्या."

शांतारामांनी कप बशीत ठेवला.

"नोंदवही कशाला? झाडं बघा म्हणावं."

"झाडं कोणीही दाखवतं. आठवड्याच्या आठवड्याला खोड मोजणारी माणसं त्यांना पहिल्यांदा भेटतायत म्हणे." अरविंदराव म्हणाले. "तुमच्या एका वहीवर जागा मिळतेय आपल्याला."

ते गेल्यावर शांताराम वही घेऊन बसले. खरं सांगितलं तर ती आकुंचन पावलेली बाकीची झाडंही उघडी पडणार, नव्वद टक्क्यांचं गणित बिघडणार आणि तिथे शेड होणार. न सांगावं तर वही सांगणार. वही फाडावी, असा विचार त्यांच्या मनात आला आणि ते स्वतःच दचकले.

"बरं नाही का?" सिंधूताईंनी विचारलं.

"सिंधू, एखादी वस्तू बाद झाली आणि माणसाने तिच्या जागी दुसरी ठेवली, तर त्याला काय म्हणावं?"

सिंधूताईंनी त्यांच्याकडे जरा बघितलं. "काही सांगायचंय का तुम्हाला?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कॅन भरायला लावला.

गुरुवारी अकराच्या मॅडम संध्याकाळी साडेपाचला आल्या. तोवर समिती इस्त्रीचे कपडे घालून साडेसहा तास उन्हात उभी होती आणि एकानेही घरी जाण्याची भाषा केली नव्हती. सक्सेना मॅडम मध्यमवयीन, शांत बाई होत्या. त्यांनी उशिराबद्दल माफी मागितली, रांग बघितली, शालिनीताईंची ट्रॉली बघितली आणि मग नोंदवही मागितली.

त्या पानं उलटत गेल्या. तोंडावर कौतुक होतं. मार्चच्या पानावर ते थांबलं.

"देशकर जी, ये सत्रह नंबर पतला कैसे हो गया?"

रेल्वेच्या भिंतीपलीकडून एक मालगाडी निघाली होती. ती पूर्ण जाईपर्यंत शांतारामांना वेळ मिळाला. अठ्ठावन्न डबे होते. त्यांना ते कमी वाटले.

"मॅडम, वो पेड बदला हुआ है," ते म्हणाले. "मेरा वाला मर गया था. मैंने दूसरा लगा दिया. किसी को बताया नहीं." मग समितीकडे वळून मराठीत म्हणाले, "माझी चूक आहे. मनोहरराव, त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांदेखत बोललो. मला माफ करा. ती पाटी आजच काढू."

मनोहररावांनी चपलेने मातीत एक रेघ ओढली.

"माफी काहून मागता, साहेब," ते शेवटी म्हणाले. "माझं तं त्याच आठवड्यात मेलं होतं. तुम्ही माझं जे कौतुक केलं ना, ते जवाहर चौकातल्या रोपाचं होतं. मी तं तीन डाव बदललं."

"तीनदा?"

"दर बारीला वाटे, आता साहेब येतीन कॅलिपर घेऊन."

"माझं एकदाच," शालिनीताई म्हणाल्या. "आणि मी बारीक घेतलं हेही मला कळलं होतं. पण ट्रॉलीत मोठं मावेना."

मग एकेक जण बोलू लागला. कोणी दोनदा बदललं होतं. कोणी रोप डब्यात लपवून आणलं होतं. कोणाला दुपारी दोन वाजता रस्त्यात समितीचाच माणूस दिसला होता आणि दोघांनीही एकमेकांना न ओळखल्यासारखं केलं होतं. अध्यक्ष अरविंदराव सर्वांत शेवटी बोलले. त्यांचं एक नंबरचं झाड एप्रिलमध्ये बदललेलं होतं आणि रोपवाटिकेवाल्याने त्यांना जुनं गिऱ्हाईक समजून चहा पाजला होता.

सक्सेना मॅडमनी सगळं लिहून घेतलं. चाळीसपैकी चोवीस झाडं बदललेली, त्यातली काही पुन्हा. एकूण एकोणतीस रोपं बदलली. मूळची जगलेली सोळा.

"चालीस परसेंट," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन मिटलं. "बाकी जगह से मुझे चिट्ठी आती है, कि बकरी खा गई. मरे हुए पौधे की किसी को शरम आई हो, ये मैंने पहली बार देखा है. लेकिन मेरे फॉर्म में शरम का कॉलम नहीं है. मैं क्या करूँ, बताइए."

शेड होणार, हे सगळ्यांना कळलं होतं. मनोहररावांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि ऊन फार आहे म्हणाले.

"जो मर गए, वो कहाँ फेंके?" मॅडमनी विचारलं.

बावीस जणांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. मलब्याच्या ढिगापलीकडे. आपण सगळे एकाच ठिकाणी फेकत होतो, हे त्यांना बोटं बघून कळलं.

"चलिए, वो भी देख लेते हैं."

ढिगाला वळसा घालून मंडळी पलीकडे गेली आणि थांबली. तुटक्या विटांमध्ये, जिथे जिथे वीतभर माती होती तिथे तिथे, बहावे उभे होते. रांग नव्हती, पाट्या नव्हत्या. पण प्रत्येक काटकीला तांबूस कोवळी पानं फुटली होती. मधोमध फिल्टरच्या पाण्याचे दोन कॅन घेऊन, पदर खोचून सिंधूताई पाणी घालत होत्या.

"सिंधू?"

"आलात का," त्या म्हणाल्या. "जरा बाजूला उभे राहा, पायाखाली आळं आहे."

"ही झाडं कुठून आली?"

"वरून. तुम्हीच टाकत होतात की सगळे. मी भाजीला जाते रोज या वाटेने. एके दिवशी बघते तर एक पडलेलं. नखाने खोड खरवडलं, आतून हिरवं. म्हटलं, जिवंत आहे, लावून टाकू. दुसऱ्या दिवशी अजून दोन." त्यांनी कॅन खाली ठेवला. "अहो, बहावा आहे तो. या दिवसांत पानं टाकतोच. माझ्या माहेरी अमरावतीला दारात होता. दर वर्षी आम्हाला वाटायचं गेला, आणि दर वर्षी फुलायचा."

समितीतल्या तीन इंजिनीअरांनी, दोन शिक्षकांनी आणि एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने एकमेकांकडे बघायचं टाळलं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे इतक्या चोरून यायचात, आणि इतक्या उन्हातून. सांगितलं असतं तर तुम्हाला लाज वाटली असती. तुमचं तर मी लगेच ओळखलं होतं. म्हटलं, आपणहून सांगतील." त्यांनी बोट केलं. "ते बघा."

तुटक्या फरशीशेजारी एक झाड उभं होतं. कंबरेला लुगड्याचा जांभळा काठ. शांताराम खाली बसले. खिशातून कॅलिपर काढला. दोनदा मोजलं.

"पंधरा पूर्णांक चार," ते म्हणाले. मग काठाची सैल झालेली गाठ नीट बांधली.

सक्सेना मॅडम तोवर मोजत फिरत होत्या. एकोणतीस फेकलेल्यांपैकी सव्वीस जिवंत होती. तीन खरोखरच गेली होती. रांगेतली चाळीस आणि ही सव्वीस.

"चालीस लगाए, छियासठ ज़िंदा हैं," त्या म्हणाल्या. "देशकर जी, ये तो एक सौ पैंसठ परसेंट होता है."

समितीत टाळी वाजणार, तेवढ्यात शांताराम उठले.

"नाही मॅडम. गलत होगा. जो बाद में लाए, वो भी गिनने पडेंगे. चालीस और उनतीस, उनहत्तर. उनहत्तर में छियासठ."

"अहो साहेब, राहू द्या ना जी," मनोहरराव कळवळून म्हणाले.

शांतारामांनी वहीच्या पाठीवर भागाकार केला. मंडळी त्यांच्या पेन्सिलीकडे बघत होती. पेन्सिल दशांशानंतर दोन घरं गेली, तेव्हा कुठे थांबली.

"पंच्याण्णव पूर्णांक पासष्ट."

मॅडमनी फॉर्म पुन्हा उघडला, आकडा लिहिला आणि सिंधूताईंच्या झाडांकडे बघितलं. "और वैसे भी, यहाँ शेड का प्रस्ताव बंजर ज़मीन पर था. बंजर ज़मीन तो ये है नहीं." जाताना त्यांनी एका खोडाची साल नखाने हळूच खरवडून बघितली.

त्या गेल्यावर अरविंदरावांनी जागच्या जागी सभा भरवली आणि सिंधूताईंना समितीचं सन्माननीय सदस्यत्व द्यावं, असा ठराव मांडला.

"सभांना यावं लागतं का?" सिंधूताईंनी विचारलं.

"महिन्यातून दोनदा."

"मग नको. त्या वेळात पाणी घालून होतं."

ठराव त्यांच्या अनुपस्थितीत, म्हणजे त्या चार पावलांवर आळं नीट करत असताना, एकमताने मंजूर झाला. नोंदवहीत एक नवा रकाना आखायचंही ठरलं, 'नखाने'. परतताना पट्टीच्या तोंडाशी शांताराम थांबले आणि पत्र्याच्या पाटीचे खिळे चाचपू लागले. झाड मरत नाही, माणूस दुर्लक्ष करतो. शां. देशकर.

"पक्कड आहे का घरी?" ते म्हणाले. "ही काढून टाकतो."

सिंधूताईंनी रिकामे कॅन दुसऱ्या हातात घेतले आणि पाटी वाचली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "अर्धी बरोबर आहे."